भावापुरतं लुगडं

"लुगडं गेलं," नत्थूजी म्हणाले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. लुगडं जाणं आणि काचेवर धूळ बसणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच मोलाच्या असाव्यात.

ईश्वरदास गादीच्या कडेला नेहमीसारखा अर्धाच टेकला होता. पूर्ण बसतं ते गिऱ्हाईक, आणि तो गिऱ्हाईक नव्हता. मांडीवर महागाई मोजणाऱ्या सरकारी खात्याचा छापील तक्ता, तक्त्याखाली पुठ्ठा, पेनाचं टोपण दातांत. इतवारीतल्या या कापडदुकानात तो दर शुक्रवारी दुपार कलली की येई. धोतरजोडी, खादीचा पंचा, मांजरपाट, छापील पातळ असे भाव एकामागून एक विचारी, आणि शेवटी म्हणे, "नऊवारी, सुती, हातमाग, नागपुरी काठ." मग नत्थूजी स्टुलावर चढून सगळ्यांत वरच्या फळीवरचं खाकी कागदाचं पुडकं काढत, सुतळी सोडून एक घडी उलगडत, ईश्वरदास काठाजवळ बोट लावी, नत्थूजी म्हणत "बत्तीस", तो बत्तीस लिही, आणि पुडकं पुन्हा वर जाई. डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा खाली राही. या व्यवहारात कोणी काही विकत नसे, कोणी काही घेत नसे. तरी गेल्या चार-पाच वर्षांत त्याच्या आठवड्यात जर कुठला व्यवहार पक्का असेल तर तो हाच होता.

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे विकलं गा. दुकान हाय माह्यं, देऊळ नाही."

"कोणी घेतलं?"

"परवा आली एक बुढी. पातळ दाखवलं, नाही म्हणे. मिलचं लुगडं दाखवलं, नाही म्हणे. हातमागाचं हाय का? मी म्हटलं, हाय एक, पण ते सरकारी हाय." नत्थूजी आपल्याच बोलण्यावर हसले, आणि हसताना तिरप्या नजरेने त्याच्याकडे पाहून घेतलं. "उलगडून देल्लं, तं नाकाजवळ नेलं. मंग काठाजवळ बोट फिरवलं. मंग तोंड असं केलं, का जसं किडकं वांगं हाती आलं. घड्यांवर विरलं म्हणे. एवढे दिवस याची पूजा करून राहिले होते का म्हणे. बत्तीसचं बावीसवर आणलं बुढीनं. मी बी म्हटलं, जाऊ दे. घेणारं भेटलं तरी कोणी."

"बुढी कशी होती?"

"बुढीसारखी होती. आता काय फोटो काढून ठेवू? हां, डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता. पैसे मोजताना दिसला."

ईश्वरदासने दातांतलं टोपण काढलं. त्यावर दातांचे दोन खड्डे पडले होते. ते त्याने अंगठ्याने चाचपले. मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून आत वळलेला तो अंगठा त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी ताप आला की कपाळावरून फिरायचा, तेव्हा त्याचा बाहेर आलेला सांधा भुवईला टोचायचा. माय परवा धाकट्या भावाच्या, ताराचंदच्या, पोरीच्या लग्नाचं कापड पाहायला शेजारणीबरोबर बाजारात गेली होती हे त्याला ठाऊक होतं. काय आणलंस, हे त्याने विचारलं नव्हतं. शहरभर भाव विचारत हिंडणारा माणूस घरात काही विचारत नाही.

"लिही ना बत्तीस," नत्थूजी म्हणाले. चष्मा आता पुन्हा नाकावर होता, आणि आवाज गल्ल्यामागचा झाला होता. "कोण येऊन राहिलं पाहायले? लुगडं फळीवर होतं तवा बत्तीस, आता नाही तवाही बत्तीस. तुह्या सायबाले लुगडं थोडंच नेसाचं हाय?"

"आणि पुढच्या शुक्रवारी?"

"पुढच्या शुक्रवारी बी बत्तीस. मी वर बोट दाखवत जाईन, तू लिहीत जा."

ईश्वरदास उठला. त्या एका रकान्यावर पेन टेकवलं आणि उचललं. कागदावर निळा ठिपका राहिला. "उद्या सकाळी तक्ता द्यायचा आहे," तो म्हणाला, जसं काही नत्थूजींनी मुदत विचारली होती. पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, मागून हाक येईल, हे घे गा, गंमत केली. हाक आली नाही. नत्थूजी पुढच्या बाईला टेरिलिनचं पातळ उलगडून दाखवत होते, आणि ते गादीवरून पाण्यासारखं घसरत होतं.

बाहेर फाल्गुनातलं ऊन होतं, संपता संपता अधिक चिकटणारं. हातगाड्यांवर उतरत्या हंगामाची संत्री, साली सुरकुतलेली. तो लकडगंजच्या बाजूला वळला, कारण तूरडाळीचा आणि घासलेटाचा भाव घ्यायचा राहिला होता. चालता चालता त्याच्या ध्यानात आलं की उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावर घासली जाते आहे. हे बोट दर शुक्रवारी त्या काठावर जायचं. काठापासून चार बोटांवर, उभ्या सुतात, एक रेघ होती. दिसायची नाही, बोटाला कळायची. दोन धागे एकाच घरातून गेले की पडते तशी. बाच्या, म्हणजे त्याच्या विणकर बापाच्या, मागावरच्या फणीचा एक दात वाकलेला होता. आयुष्यभर त्याने तो नीट करून घेतला नाही. "नेसणारीले दिसते का? नाही. मंग फणीवाल्याचं घर कायले भरू?" असं म्हणायचा आणि धोटा फेकायचा. त्याच्या मागावरून उतरलेल्या प्रत्येक लुगड्यात ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असे. नत्थूजींकडे हातमागाची चार लुगडी होती, तीन झाली, दोन झाली, एक राहिलं. ते एक राहिलं त्या शुक्रवारी ईश्वरदासचं बोट सहज काठावर गेलं आणि थांबलं. बाला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. नत्थूजी म्हणाले "बत्तीस", आणि त्याने ते नीट ऐकूनही पुन्हा विचारलं, "किती?"

घ्यायला हवं होतं. तेव्हा खिशात बत्तीस रुपये नसतील, पण पुढच्या पगाराला असते. नोकरीला लागला तेव्हाच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, ज्या दुकानात भाव विचारायचा तिथे आपण खरेदी करायची नाही. दुकानदार मग मिंधा होतो नाहीतर आपण होतो, आणि दोन्हीत भाव बिघडतो. ईश्वरदासला हा नियम फार सोयीचा वाटला होता. नियम सोयीचा वाटला की माणूस तो मन लावून पाळतो. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ते लुगडं त्याने घेतलं असतं, तर त्या ओळीसमोर 'माल उपलब्ध नाही' लिहावं लागलं असतं. लागोपाठ काही वेळा तसं लिहिलं की वरून पत्र येतं: सदर वस्तूऐवजी मिलचं अमुक लुगडं धरावं. मग जुन्या भावाला नव्या भावाची अशी जोड देतात की मध्ये काही तुटलं होतं हे आकड्यावरून ओळखूच येऊ नये. बासुद्धा तुटलेल्या सुताला गाठ अशी मारायचा की गिऱ्हाइकाला सापडू नये. पण त्या गाठीत दोन्हीकडचं सूत तरी त्याचंच असायचं.

त्या तक्त्यामागे एक घर आहे. हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही. ईश्वरदासने ते आपल्यापुरतं बांधलं होतं. फार वर्षांपूर्वी खात्याच्या माणसांनी नागपुरातल्या कामगारांच्या घरोघर जाऊन विचारलं होतं, काय खाता, काय नेसता, काय जाळता. त्या सगळ्यांची बेरीज करून, भाग देऊन, एक सरासरी घर काढलं. ते घर साठ सालापासून आहे तिथेच आहे. तिथे तीच ज्वारी येते, तेवढीच तंबाखू, तेवढंच घासलेट. तिथली पोरं मोठी होत नाहीत, तिथे कोणाला चष्मा लागत नाही, आणि तिथली बाई अजून हातमागाचं नऊवारी नेसते. बदलतात ते फक्त भाव. बाहेर जगात साखर चढली, तेल चढलं, रॉकेलच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या, आणि हे सगळं त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन पोचवण्याचं काम ईश्वरदासकडे होतं. हिशेबाने त्या घरात चार माणसं आणि वर काही अपूर्णांक भरत असे. ऑफिसात सगळे त्या अपूर्णांकाला हसत. ईश्वरदास हसत नसे. त्याला तो अर्धा माणूस ठाऊक होता. टांडापेठेतल्या त्यांच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. बा त्यात पाय सोडून बसायचा, आणि दारातून आत येणाऱ्या पोराला तो कमरेपासून वरच दिसायचा. शाळेत जायच्या वयापर्यंत ईश्वरदासला वाटे, आपला बाप अर्धाच आहे, खालचा अर्धा जमिनीचा आहे. संध्याकाळी तो दोन्ही हात टेकून वर यायचा आणि त्याला पाय असायचे; तेव्हा थोडी भीती वाटायची. त्या कागदातल्या घरात मात्र तो कधी वर येत नव्हता. खटक-खटक चालू होतं. तिथल्या बाईला लुगडं लागत होतं तोवर ते चालू राहणार होतं.

चंद्रकलेला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे घर ठाऊक नव्हतं. पण असावं असा तिला संशय होता. महिनाअखेर डबे आपटताना ती म्हणे, "तुमच्या कागदात ज्या भावानं सामान भेटते ना, तिथंच खोली पाहा एखादी. मी उद्या बिस्तरा बांधते." धाकटा ताराचंद गिरणीत होता, आणि त्याचा टोला जास्त खोल जाई, कारण त्याचा महागाईभत्ता या भावांतून निघणाऱ्या आकड्यावरच ठरे. दिवाळीला जेवताना तो म्हणाला होता, "दादा, बाकी सारं चढते तुमच्या त्या इंडेक्सात, थोडं थोडं का होईना. कपडा काहून चढत नाही? कोणतं लुगडं हाय हे, जे साल-दरसाल एकाच भावानं भेटून राहिलं? मले पत्ता द्या. माह्या पोरीच्या लग्नाले दहा घेतो." सगळे हसले. माय वाढत होती, तिने डाव हातातच धरून ईश्वरदासकडे पाहिलं. कदाचित त्याच्या ताटाकडे पाहिलं असेल. त्याला ठसका लागला. एका लुगड्याने आकड्यात फरक पडून पडून किती पडणार, कणभर. त्याने तो कण मनात अनेकदा मांडून पाहिला होता, दशांशाच्या कितव्या घरात जातो तेही. पण ताराचंद समोर बसून भात कालवत असला की तो कण ताटात यायचा आणि दाताखाली लागायचा.

बाजाराच्या तोंडाशी रंभाबाई भाजी घेऊन बसे. डाळीचा आणि घासलेटाचा भाव घेऊन तो तिच्यापुढे आला तेव्हा ती वांग्यांवर पाणी मारत होती. वांगी, कांदे, मेथी, कोथिंबीर असं तिला पाठ होतं. तो उभा राहायच्या आत ती बोलू लागे.

"वांगी दोन, कांदे सव्वा. लिही. अन् हो पुढं, गिऱ्हाईक येऊन राहिलं."

तो उभाच राहिला.

"काय झालं? पेन सरलं का?"

"अर्धा किलो वांगी द्या."

रंभाबाईने पाण्याचा डबा खाली ठेवला आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, उन्हावर हात धरून. "अगे माय! एवढी वर्सं झाली, हा माणूस इचारते न् जाते, इचारते न् जाते. मी तं समजत होती, याच्या घरी कोणी जेवतच नाही." तिने तराजू उचलला. "घेतोस तं पावणेदोननं लावते."

"आता दोन म्हणालात."

"ते लिहाले सांगितलं. लिहिणाऱ्याले काय, लिहिणाऱ्याचं थोडंच पोट भरते त्याच्यानं? घेणाऱ्याचा भाव येगळा असते गा."

वांगी त्याने रुमालात बांधली. साहेबांचा नियम मोडला होता आणि अंगावर काही कोसळलं नव्हतं. चार पावलं गेल्यावर त्याने थांबून तक्त्यातला वांग्यांचा आकडा खोडला आणि पावणेदोन केला. मग तिथेच, सायकलींच्या घंटांमध्ये, त्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं त्याने जे जे भरलं ते सगळं न घेणाऱ्याला सांगितलेलं होतं. बाचं लुगडंही. फळीवरच्या त्या लुगड्याला भाव नव्हताच. नत्थूजी एक शब्द उच्चारत आणि तो लिहून घेई, इतकंच. परवा एका म्हातारीने नाकाला लावून, बोट फिरवून, तोंड वाकडं करून, दहा रुपये पाडले, तेव्हा इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा भाव आला. आणि माय घासाघीस करताना कशी दिसते हे त्याला आठवलं. जे मनापासून हवं असेल त्याच्याकडे ती बघायचीच नाही. सुताच्या दुकानात ती चांगल्या गड्डीला पाठ करून उभी राही आणि वाईट गड्डीवर भांडे. म्हणजे दुकानात, नत्थूजींच्या पुढ्यात, ज्या क्षणी तिच्या बोटाला ती रेघ लागली, त्या क्षणी तिने तोंड वाकडं केलं. तिला तेवढं आलं. आपल्याला, बोट लागलं तेव्हा, काय आलं? आपण फक्त म्हणालो, किती?

बाच्या शेवटच्या वर्षी सूत एवढं महागलं होतं की लुगडं विणून विकण्यापेक्षा सूत तसंच परत विकलं तर दोन पैसे सुटत. बाला हे पटत नव्हतं. तो म्हणे, हिशेबात चूक असेल, आणि ईश्वरदासला पुन्हा मांडायला लावी. ईश्वरदास पाटीवर पुन्हा मांडी. उत्तर तेच येई. "तुह्या आकड्यात माणूस कुठं मांडला तू?" बाने एकदा विचारलं होतं. चिडून नाही, खरंच कुठल्या ओळीत मांडला ते बघायला वाकून. ईश्वरदासने मजुरी लिहिली होती तिथे बोट ठेवलं. बा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग पुन्हा खड्ड्यात उतरला आणि मागावर चढवलेलं होतं तेवढं विणून संपवलं, कारण अर्धं विणलेलं कापड कोणी घेत नाही. ते विणकरांच्या सोसायटीमार्फत कुठे गेलं हे कोणी विचारलं नाही. त्यानंतर माग नुसताच उभा होता. बा गेल्यावर खड्डा मुरमाने बुजवला, वर शहाबादी फरशी टाकली. ती जागा दर पावसाळ्यात थोडी दबते. मायचं अंथरूण तिथेच असतं; दुसरीकडे घातलं तर तिला झोप लागत नाही.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. चंद्रकला नळावर गेलेली. दारातून आत पाऊल टाकताना त्याने नेहमीप्रमाणे डोळे अंधाराला सरावू दिले, आणि पाहिलं, तर फरशीभर लुगडं पसरलेलं. हिरवं, गर्द, तांबड्या काठाचं. फळीवर त्याची एकच घडी दिसायची. सबंध नऊ वार त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्या जुन्या खड्ड्याच्या जागेवरून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं होतं, आणि माय त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून सुईत दोरा ओवत होती.

"वांगी?" तिने रुमालाकडे पाहून विचारलं. "तू आणली?"

"हो."

"सूर्य कुठून उगवला आज?" ती दोरा ओठांत ओला करत म्हणाली. मग सुई त्याच्यापुढे धरली. "ओव. मले दिसत नाही."

त्याने ओवून दिला. खाली बसताना लुगड्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासत बसला. घड्यांच्या जागी कापड खरोखरच विरलं होतं. जिथे ते दर आठवड्याला उलगडलं जायचं तिथे तर उजेड आरपार येत होता. माय त्या जागा हाताने सारख्या करत होती, आखडलेला पाय सरळ करावा तशी.

"तुह्या बाचं हाय," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "नत्थूच्या दुकानात पडून होतं. त्या मुर्दाडाले मालूमच नाही काय ठेवलं ते. बत्तीस मागत होता. मी म्हटलं, तुह्या बापानं बत्तीस पाहिले होते का?" ती हसली, तोंडातल्या तोंडात. मग काठाजवळची घडी जवळ ओढली. "पण हे पाह्य बरं. साऱ्या लुगड्याले कुठं डाग नाही, अन् इथंच डाग. बोटाएवढा. कोणीतरी रोज रोज एकाच जागी हात लावल्यावानी. अन् तोही ऐन रेघेवर. इकडं ना तिकडं."

डाग निळसर-काळा होता, कडांना पिवळा. शाई, घाम, दुसऱ्या दुकानांतली धूळ, तेलाच्या घाण्यावरचा चिकटा. ईश्वरदासने उजवा हात मांडीखाली घेतला. तो घेताना मायने पाहिलं. तिने सुई लुगड्यातच टोचून ठेवली.

"दाखव."

त्याने हात पुढे केला. तिने तर्जनी धरली, उलटी केली, आणि त्या डागाशेजारी ठेवली, जसा दुकानदार नमुन्याशेजारी नमुना ठेवतो. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज गल्लीभर गेला.

"तुले मालूम होतं."

"हो."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं."

"अन् मले सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू घेऊन टाकलं असतं."

"मंग?"

त्याने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, इतकी वर्षं तयार होतं, तक्त्यातल्या ओळीसारखं छापील. पण ते मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. "मग भाव कशाचा लिहिला असता?"

त्याने आपलेच शब्द ऐकले, दुसऱ्या कुणाचे ऐकावे तसे, आणि त्याला वाटलं की आता ती हसेल. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने त्याचं बोट सोडलं नाही. वाकड्या अंगठ्याचा सांधा त्याच्या नखावर दाबला गेला, लहानपणी भुवईवर दाबला जायचा तसाच.

"मी दर शुक्रवारी जायचो," तो म्हणाला. "एवढंच. हात लावून यायचो."

"मी इथं झोपतो," माय म्हणाली, आणि अंथरुणाच्या जागेकडे मान हलवली. "मी कोणाले सांगतो का?"

बोलता बोलता तिला 'झोपते'ऐवजी जुन्या सवयीचं 'झोपतो' आलं होतं. बा तसाच बोलायचा, आणि ती त्याच्याचकडून बोलायला शिकल्यासारखी बोले. ईश्वरदासने खाली पाहिलं. मग तिनेच विचारलं, "कागद दिला का सायबाले?"

"उद्या द्यायचा."

"काय लिहिलं?"

त्याने पुठ्ठा काढून तिच्यापुढे धरला, तिला वाचता येत नसतानाही. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. त्यात निळा ठिपका. नत्थूजी म्हणाले होते तसं बत्तीस लिहिलं की कागदातलं घर जसंच्या तसं उभं राहणार होतं. तिथली बाई नेसलेली, तिथला अर्धा माणूस खड्ड्यात, खटक-खटक. पुढच्या शुक्रवारी वर बोट, रिकामी फळी, बत्तीस. मरेपर्यंत बत्तीस. आणि ताराचंदच्या ताटात तो कण.

"मी बावीस देल्ले," माय म्हणाली. "मोजून देल्ले. बावीस लिही."

"दहानं कमी झाला तर विचारतील."

"इचारले तं सांग. फाटलं होतं, बुढीनं भांडून घेतलं. खोटं हाय का काही?" तिने सुई काढली, दोरा गुंडाळून पदराला लावला. "शिवायच्या आधी धुवा लागते. डांबराच्या गोळीचा वास घेऊन मी पोरीच्या लग्नात नाही जात. उठ, बादली भर."

त्याने गुडघ्यावर पुठ्ठा ठेवला आणि बावीस लिहिलं. आकडा त्या ठिपक्यावरच पडला. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे तो कधी काही लिहीत नसे, त्याने लिहिलं: शेवटचा नग. विकला गेला. मग 'गेला' या शब्दापुढे पेन थोडं थांबलं, आणि त्याने टोपण लावलं. कागदातल्या घरात कोणीतरी दोन्ही हात टेकून वर येत होतं. त्याने तिकडे पाहिलं नाही.

मोरीत बादलीतल्या पाण्यात मायने लुगडं सोडलं. आधी काहीच झालं नाही. ते वरच तरंगलं, फुगून, कोरडेपणाने. मग एकेक घडी पाणी पिऊ लागली, हिरवा काळा झाला, आणि पाण्यातून वास आला. डांबराचा नव्हे, त्याच्या खालचा. आंबट, पेजेचा, उन्हात ताणलेल्या सुतावर कुंचल्याने लावलेल्या खळीचा. सकाळी शाळेला निघताना अंगणभर असायचा तो. ईश्वरदास तिथेच मोरीच्या कडेला उकिडवा बसला. त्याने श्वास घेतला आणि सोडायचं विसरला. मायने दोन्ही हातांनी कापड पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. पाणी गढूळ झालं. डागावर तिने साबण घासला, चुरगाळला, पुन्हा घासला, दिव्यापाशी धरून पाहिला.

"हा जात नाही," ती म्हणाली.

"राहू दे."

"राहीनच. मी काय करते त्याले?"

तिने लुगड्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन दारापर्यंत मागे सरकली. नऊ वार खोलीत मावत नव्हते. ती उंबरा ओलांडून गल्लीत उभी राहिली, आणि मध्ये सगळं ओलं, जड, गळणारं लुगडं, बुजवलेल्या खड्ड्यावर झोळ टाकून. ती एका बाजूने पिळू लागली, तो दुसऱ्या बाजूने. पाण्याची धार फरशीवर पडली आणि दबलेल्या जागेकडे वाहत गेली. त्याचा पीळ फार घट्ट बसत होता. कुठेतरी मध्यावर एक घडी बारीक चरकली.

"ओढू नको," माय गल्लीतून म्हणाली. "धरून राह्य नुसता."

त्याने पीळ सैल केला आणि टोक धरून उभा राहिला.